सोनाचा एकच देव

माझी बायको सोना वाघजाईच्या देवळासमोरून जाताना कधी हात जोडायची नाही. सरळ पुढं बघत निघून जायची. नवी नवरी असताना पहिल्याच जत्रेत तिनं नैवेद्याचं ताट बाजूला सारलं, तेव्हा अख्खी पंगत तिच्याकडं बघायला लागली. ती नगरकडची, महानुभाव घरातली. त्यांच्यात परमेश्वर एक. बाकीच्या देवतांपुढं वाकायचं नाही, त्यांचा प्रसाद खायचा नाही.

आम्ही मुळशी धरणाच्या काठचे. आमच्यात डोंगराला देव, झऱ्याला देव, बांधावरच्या शेंदऱ्या धोंड्यालाही देव. माझी आई म्हणायची, एवढ्यांना नाराज करून नांदशील कशी? सोना भाकरी थापता थापता म्हणायची, "आत्याबाई, तुमास्नी धा जणांची मर्जी राखावी लागतीया. मला एकाचीच." आईलाही हसू यायचं.

पुढं एका उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली आणि हसणं संपलं. दारोदार कडुलिंबाचे डहाळे लागले. सोना पाणवठ्यावर आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. वाघजाई कुणामुळं कोपली, ते गावानं ठरवून टाकलं होतं. मग आमचा म्हादू तापला. अंगभर फोड आले, डोळे मिटले. आई म्हणाली, देवी घरात आलीय, तिच्या पाया पड. सोना म्हणाली, हा आजार आहे. पण पोरानं पाणी गिळायचं सोडलं, तशी ती उठली आणि दहीभात कालवला.

मी म्हणालो, "तुला कुणी जबरदस्ती करत न्हाई."

"तिच्या पाया पडले की त्यो एक देव माझा ऱ्हाणार न्हाई," ती म्हणाली. "ठाऊक हाय मला."

भर उन्हात वाघजाईच्या देवळात गेली. माणसं दारात येऊन बघत राहिली. तिनं उंबऱ्यावर कपाळ टेकलं, ते लवकर उचललंच नाही.

म्हादू वाचला. तोंडावर व्रण राहिले. गाव म्हणालं, सोनाला अक्कल आली. त्यानंतर तिनं एकही देव सोडला नाही. म्हसोबा, मारुती, कुणी नेईल तिथं हात जोडायची. मागायची मात्र काही नाही. माहेरी पुन्हा गेली नाही. एकदा मी म्हणालो, आता तुलाही लई देव झाले. म्हणाली, "एक व्हता तवा घर भरल्यावानी वाटायचं."

यंदा ती अंथरुणाला खिळली. श्वास लागला, तेव्हा मी म्हणालो, "सोना, देवाचं नाव घे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुणाचं घिऊ?"

खरंच विचारत होती. मी देव्हाऱ्याकडं पाहिलं. देवांचे टाक दाटीवाटीनं बसलेले. एकाचंही नाव माझ्या तोंडातून निघेना.