पद्माक्काचं राहिलेलं कार्ड

पद्माक्का गेल्याची बातमी आमच्या सगळ्या गणगोताला तासाभरात कळली, आणि ती व्यवस्थासुद्धा अक्कानंच करून ठेवलेली होती. ती माझी थोरली बहीण. जे. पी. नगरच्या घरात सकाळी दूध तापवता तापवता ओट्यापाशी खाली बसली, छातीत कळ आली म्हणाली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. व्यंकटरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मला मल्लेश्वरमला फोन केला. आवाज अगदी सपाट. "ललिता, पद्मा राहिली नाही गं... तुझा नंबर दुसरा आहे. पहिला गुरुजींचा होता." मला वाटलं, धक्क्यानं माणसाचं डोकं फिरलं. पोचले तेव्हा उलगडा झाला. आतल्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता, काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, आणि वर मथळा, 'घरात कुणाचं बरंवाईट झालं तर'. आधी कुणाला कळवायचं, कुणाला फोनवर एकदम सांगायचं नाही कारण त्यांचं काळीज नाजूक, म्हैसूरच्या काकांना शेजाऱ्यांकरवी निरोप द्यायचा, गाडी कोण आणून देतं... सगळं ओळीनं. हे तिनं सासूबाईंचं काही झालं तर म्हणून तयार केलं होतं. त्या सासूबाई भिंतीकडच्या खाटेवर पडून टक लावून आमच्याकडे बघत होत्या.

आमचं घराणं बेंगळूरचं जुनं मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण दोन्हीत. अक्का संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात, आणि निकालाच्या पेढ्यांतच तिच्या लग्नाचे पेढे मिसळले. व्यंकटराव, आमचे भावजी, सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात होते. वाईट माणूस नव्हेत ते. हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. कधी आवाज चढवला नाही, कधी 'नोकरी करायची नाही' असं म्हटलं नाही. फक्त पाण्याचा तांब्या कुठे असतो हे त्यांना लग्नाच्या विसाव्या वर्षीही विचारावं लागायचं. "पद्मा, स्वल्प इकडे ये" हे वाक्य त्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं वाजत असे. मूलबाळ झालं नाही. दिवसभर ती, सासूबाई आणि ती हाक, असा संसार होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कारखान्यानं जुने कॉम्प्युटर मोडीच्या भावात काढले आणि भावजी एक घरी घेऊन आले. अक्कानं त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणलं. आयुधपूजेला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची, एवढाच काय तो त्याचा उपयोग. मीच तिला म्हटलं, "अक्का, देव्हारा केलास का त्याचा? शीक की!" मी मल्लेश्वरमला शाळेत गणित शिकवते. आमच्या गल्लीतच एका सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सासूबाई तेव्हा धडधाकट होत्या. त्यांनीच सुनेला सांगितलं, "जा गं, मी बघते इकडचं." अक्का दोन बस बदलून यायची, क्लास झाला की आम्ही कोपऱ्यावर उभ्यानं चुरमुरी खायचो. कागदाच्या पुडीतली, कच्चा कांदा, किसलेलं गाजर, वरून लिंबू. घरी ती बसल्याशिवाय घास तोंडात घालत नसे, आणि इथे रस्त्यात बोटं चाटत मोठमोठ्यानं बोलायची! तिखटानं नाकाला पाणी यायचं, तरी अजून एक पुडी घ्यायची. तिचं ते रूप त्या घरातल्या कुणी पाहिलेलं नाही.

त्या क्लासात तिला एक सॉफ्टवेअर भेटलं. 'भेटलं' असंच ती म्हणायची. बाकी सगळ्यांत आधी तक्ते आखा, रकाने ठरवा, मग त्या रकान्यांत बसेल तेवढीच माहिती भरा. यात तसं काही नव्हतं. मनात येईल ते एका कार्डावर लिहायचं आणि नंतर त्याला हवे तेवढे कप्पे द्यायचे. "ललिते, आपल्या कपाटात हिंगाची डबी एकाच फळीवर राहू शकते की नाही? इथे ती दहा फळ्यांवर ठेवता येते," असं तिनं मला समजावलं. हिंगाचं कार्ड स्वयंपाकात सापडायचं, सासूबाईंच्या पोटदुखीत सापडायचं आणि उगादीच्या सामानातही. एकदा लिहायचं, कुठूनही गाठायचं. मराठी लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. सरांनी तिचं काम बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे तुम्हीच शिकवायला का येत नाही? आठवड्यातून तीन सकाळी." त्या दिवशी चुरमुरी खाताना ती नुसती हसत होती. बसमध्ये चढताना वळून म्हणाली, "मी येणार गं!"

आणि पंधरवडा गेला नाही तोच सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं शाबूत की नाही हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना, पण अक्का म्हणायची, "सगळं कळतं त्यांना. आपल्यालाच त्यांचं कळत नाही." सरांना तिनं निरोप दिला की जागा धरून ठेवा, घर मार्गी लावते आणि येते. दुसरी कुणी रडत बसली असती. हिनं क्रोशाचं झाकण काढलं आणि अख्खं घर कॉम्प्युटरवर घालायला घेतलं. तिचा हिशेब सरळ होता. हे घर कुणालाही चालवता आलं पाहिजे, मग आपण तीन सकाळी मोकळ्या. प्रत्येक कार्डाला तीन ओळी, 'काय', 'का' आणि 'काय करायचं'. मी जाईन तेव्हा ती मला कौतुकानं दाखवायची. सासूबाईंच्या डाव्या हाताच्या खुणा तिनं एकेक करून टिपल्या होत्या. तळवा वर केला की खिडकी उघडा. गोधडीवर हात घासला की कूस बदला. मूठ ओठांना लावली की कॉफी, पाणी नव्हे, पाणी दिलंत तर थुंकतील. भावजींचंसुद्धा कार्ड होतं. 'काय: यांचा राग. का: कॉफी गार, पेपर उशिरा, कुणी हिशेबात चूक काढली. काय करायचं: काही नाही, पंख्याखाली बसवावे.' मी पोट धरून हसले. ती आपली गंभीर. "हसू नको. माझ्या मागे कुणाला तरी लागेल ना."

मग एका शनिवारी परीक्षा ठरली. भावजींना सुट्टी होती. अक्कानं त्यांना कॉम्प्युटर लावायचा कसा, शोधायचं कसं, दोनदा करून दाखवलं. "सरी, सरी, कळलं," म्हणाले. मी तिला न्यायला गेले होते. अय्यो, काय तिची तयारी! हिरवी नारायणपेठी, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, खांद्याला माझी जुनी पर्स. सरांनी तिला मुलांसमोर उभं केलं आणि तिनं ते हिंगाच्या डबीचं उदाहरण दिलं, मुलं हसली, तिची भीड चेपली. शिकवताना तिचा आवाज मोकळा होत गेलेला मी मागच्या बाकावर बसून ऐकला. दुपारी आम्ही परतलो तर दार सताड उघडं, सासूबाई हमसून हमसून रडतायत, भावजी शेजारी डोक्याला हात लावून बसलेले, आणि कॉम्प्युटरचं बटणसुद्धा दाबलेलं नाही. अक्कानं विचारलं, "अहो, बघायचं नाही का त्यात?" ते अगदी साधेपणानं म्हणाले, "तू येणारच होतीस ना."

मी तेव्हाच भडकले असते, पण अक्का पुढच्याच गोष्टीत अडकली. भावजी सांगत होते की आई एकच खूण सारखी करत होती. डाव्या हातानं लुळ्या हाताचं मनगट चोळायची, मग दाराकडे बोट, पुन्हा मनगट, पुन्हा दार. अक्कानं कॉम्प्युटर लावून शोधलं. अशी खूण कुठेच नव्हती. तिचा चेहरा उतरला. "बघ, यांची काय चूक? माझंच अपुरं आहे." झालं! त्या दिवसापासून ती एका कार्डापायी अडून बसली. हे कार्ड पुरं झालं की जाते. मनगट दुखतं का, म्हणून डॉक्टर आणले. घड्याळ हवंय का, म्हणून घड्याळ दाखवलं. वारा लागतो का, म्हणून दाराला पडदा लावला. ती स्वतः सासूबाईंसमोर बसून तीच खूण करून दाखवायची आणि विचारायची, "याचा अर्थ काय हो?" सासूबाई नुसत्या तिच्याकडे बघायच्या आणि तिचा हात थोपटायच्या. तिला ती खूण एकदाही दिसली नाही. ती न्हाणीघरात गेली, वाण्याकडे गेली, की भावजी सांगायचे, "आज परत केलं गं आईनं." ही पदर खोचत धावत यायची, तोवर त्या शांत झालेल्या असायच्या.

मी तिला किती वेळा म्हटलं, "अगं, एक कार्ड राहिलं तर राहिलं! जग बुडणार आहे का?" तर म्हणायची, "ललिते, त्या रडत होत्या... मी बाहेर मजा करायची आणि त्यांनी इकडे रडायचं?" पुढे पुढे मी बोलणंच सोडलं. कार्डं मात्र वाढत गेली, आणि गंमत बघा, घर मोकळं व्हायच्या ऐवजी आणखीच तिच्या गळ्यात पडलं. सगळं तिला ठाऊक, म्हणून सगळे तिलाच विचारणार. कुणाच्या बारशाला काय दिलं होतं, मंगळसूत्र गाठवणारा कुठे बसतो, 'पद्माक्काला विचारा'! तिची ती पिवळ्या अक्षरांची खोली तिला दाराकडे नेणारी होती, आणि ती त्याच खोलीत बसून राहिली. मधल्या काळात रंगीत पडदे आले, उंदीर हलवून चित्रांवर टिचक्या मारायचे दिवस आले. सरांनी काही वर्षं जागा ठेवली आणि मग क्लासात ते सॉफ्टवेअरच राहिलं नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. "हं," एवढंच म्हणाली. पुढची पाकळी सोलत म्हणाली, "चुरमुरीवाला आहे का गं अजून?"

आहे, म्हटलं. चल की एकदा. "जाऊ," म्हणाली.

तिच्या पहिल्या मासिक श्राद्धाला मी गेले, तेव्हा दारातच फोडणीचा वास आला, आणि तो अक्काच्या हुळीचा, म्हणजे आंबट आमटीचा होता. डाळ, चिंच, भाजून वाटलेला मसाला, अगदी तोच. भावजी, आता निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटर आणि स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालत होते. एका बोटानं अक्षरं शोधत होते. सासूबाईंनी तळवा वर केला, यांनी खिडकी उघडली. सासूबाईंनी गोधडी घासली, यांनी हलक्या हातानं कूस बदलली, पाठीला उशी लावली. औषधं वेळेवर, कपडे वाळत, ब्राह्मणाची दक्षिणा पाटाशेजारी. "बघ ललिता," मला म्हणाले, डोळे भरून आलेले होते, "सगळं आहे गं यात. एक दिवस अडलं नाही बघ माझं. माझ्या रागाचंसुद्धा आहे!" आणि हसता हसता रडायला लागले.

मला काय झालं कोण जाणे. मासिकाच्या दिवशी, गुरुजी यायच्या आधी, मी त्या माणसावर ओरडले. "मग तेव्हा का नाही दाबलंत बटण? त्या शनिवारी? तीन सकाळी हव्या होत्या तिला, जास्त नाही!" ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तेव्हा ती येणार होती." मी कपाळावर हात मारून सासूबाईंच्या खाटेशी बसले.

आणि तेव्हा मी ती खूण पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. सासूबाईंनी डाव्या हाताची बोटं लुळ्या मनगटाभोवती फिरवली. चोळत नव्हत्या त्या. बोटं गोल फिरवत होत्या, बांगड्या असतात तिथे. मग दाराकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बांगड्या. पुन्हा दार. भावजी कॉम्प्युटरपाशी उभे राहून म्हणाले, "हीच गं ती. ही तेवढी यात नाही."

कशी असेल? त्या विचारत होत्या, ती बांगड्यांची सून कुठे गेली. पद्मा समोर असताना हे विचारायची त्यांना गरजच नव्हती. अक्का घरात असेपर्यंत ते कार्ड तिला लिहिता येणारच नव्हतं, आणि ते लिहून होईपर्यंत ती घराबाहेर पडणार नव्हती. मी भावजींना म्हटलं, "त्या पद्मा कुठेय म्हणून विचारतायत. त्या शनिवारीही हेच विचारत होत्या." ते तिथेच खाली बसले. मग मीच अक्काच्या खुर्चीवर बसून कार्ड लिहिलं. 'काय: मनगटावर गोल बोटं, मग दार.' 'का: पद्मा कुठे आहे.' तिसरी ओळ आली, 'काय करायचं'. तिथे कर्सरची पिवळी रेघ लुकलुकत राहिली. भावजी मागून म्हणाले, "लिही ना..."

ती ओळ अजून कोरी आहे. परवा गेले होते तेव्हा सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं. भावजी आता कॉम्प्युटरकडे जात नाहीत. ते खाटेवर बसतात आणि आपलं मनगट आईच्या हातात देतात. सासूबाई ते बोटांनी चाचपून बघतात, बांगड्या लागत नाहीत, आणि हळूच सोडून देतात.