भोंगा वाजला का?

“वाजला का?”

हा प्रश्न काकांनी मला किती वेळा विचारला, याची गणती नाही. विचारताना डाव्या हाताची दोन बोटं फळीवर टेकलेली आणि नजर थेट माझ्या तोंडावर. अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. आत काहीतरी टोचत असतं, ते स्वतः स्वस्थ बसत नाहीत आणि आपल्यालाही बसू देत नाहीत.

सेनगावात माझं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काका पुसेगावचे. छोट्या लाइनच्या काळापासून रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. रिटायर झाल्यावर पुण्याच्या मुलाने त्यांना वीतभर लांबीचं, हुबेहूब डिझेल इंजिन पाठवलं. त्याच्या पोटात नखाएवढी चिप. रुळांतून वीज येते, त्या विजेबरोबरच हुकूम येतो, चिप तो ओळखते आणि इंजिन धडधडत धावतं. बटण दाबलं की भोंगा देतं. निदान द्यायला हवा.

“मिस्तरी, धा येळा दाबलं तर आठ येळा वाजतो. दोन येळा काहून न्हाई?”

“काका, चाकावर धूळ बसली की घडीभर वीज तुटते, चिप गोंधळते. आपल्याकडची धूळ अन् आपल्याकडची लाइट बघता आठ येळा वाजतो, हेच लई झालं.”

ते हसले नाहीत. मी चाकं पुसून दिली. आठवड्याने स्वारी पुन्हा जीपमधून उतरली. इंजिन टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. जीपवाल्याची बरेच दिवस समजूत होती, की म्हातारा माझ्यासाठी जेवण घेऊन येतो.

शेवटी मीच त्यांच्या घरी जाऊ लागलो. ओसरीत फळीवर गोल रूळ मांडलेले, आणि एका जागी काडीला चिकटवलेली पिवळी पाटी: सी/फा. पुढे फाटक आहे, शिटी द्या. इंजिन पाटीपाशी आलं की काका बटण दाबायचे आणि मला विचारायचे. स्वतःच्या कानांवर त्यांचा विश्वास नव्हता. “लगनातली मंगलाष्टकंबी यायला ऐकू आली न्हाईत,” काकू आतून म्हणायच्या.

एका दुपारी काकांनी सगळं सांगितलं. वळणावर टोळी काम करत होती आणि हे झेंडी घेऊन पहाऱ्यावर. नजर लाइनीवर ठेवायची हा नियम. पण वर्षानुवर्षं वळणाआधीच्या पाटीपाशी भोंगा व्हायचाच, म्हणून हे कानावर विसंबले. त्या दिवशी गाडी एकदम अंगावर आली. एका जोडीदाराचा पाय गेला. चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, भोंगा दिला होता. हे म्हणाले, वाजला नाही. साहेबांनी यांचं मानलं आणि ड्रायव्हरला गाडीवरून कायमचं उतरवलं.

“मला ऐकू आला न्हाई, हे खरं हाय, मिस्तरी. पन वाजला न्हाई, असं काहून म्हनलो मी?”

आता मला कळलं, की इंजिन मुकं राहिलं की त्यांचा चेहरा क्षणभर का सैल व्हायचा. यंत्रंही चुकतात, एवढाच त्यांना आधार होता. पण तोही त्यांना पुरेना.

“तुमी हे पक्कं करून द्या,” ते म्हणाले. “मंग एकदा जरी वाजला अन् मला ऐकू आला न्हाई, तर अकोल्याला जातो. त्या ड्रायव्हरचे पाय धरतो.”

“काका, आजच्या कानावरून तवाचं काय ठरणार?”

“माझं ठरंल,” ते म्हणाले.

घडीभर वीज धरून ठेवणारा कपॅसिटर मी आत बसवला. भोंगा चुकेनासा झाला.

मग वैशाखातली ती दुपार. कूलर घरघरत होता. इंजिन पाटीपाशी आलं, काकांनी बटण दाबलं, भोंगा खणखणीत वाजला. दारातल्या काकूंनी वळून पाहिलं. काका मात्र बोटं टेकून माझ्याकडेच बघत राहिले.

“वाजला का?”

असलं ऊन, त्यांची छाती आधीच दुखरी, आणि एसटीने अकोला. मला त्यांची दया आली.

“न्हाई,” मी म्हणालो.

काकांनी इंजिन थांबवलं. मग “बरं” म्हणाले आणि फळीवरची बोटं उचलली. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न मला कधीच विचारला नाही. कपॅसिटरला जमलं नाही ते आपल्या एका खोट्याने केलं, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

यंदा पोळ्याच्या आधी काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी तो स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. मला राहवलं नाही. म्हणालो, “काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“ठाव होतं त्यायला. दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेले. ‘मिस्तरी न्हाई म्हनला, पन माझ्या बोटाला भोंग्याची थरथर लागली’ म्हनले. तुमाला सांगू नको म्हनले. तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

“मग ड्रायव्हर काय बोलला?”

“काय बोलतो! त्याचेबी कान गेलेले. यायनं पाय धरले, त्यानं उठवलं. मंग दिसभर दोघं जवळ बसले, च्या पिले, अन् हे आले.”

ते इंजिन आता फळी, रूळ आणि पाटीसकट माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाईक नसलं की मी ते चालवतो. पाटीपाशी बटण दाबतो आणि भोंगा दर वेळी स्वच्छ ऐकू येतो. तरी माझी दोन बोटं फळीवर टेकलेलीच असतात.