लकडगंजच्या गच्चीवर देशी पॅनल

दामिनी मेश्राम तापट, पण हात सोन्याचा. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी गच्च्यांवर सोलर बसवून तिनं यंदा स्वतःची पाटी लावली. पहिलंच गिऱ्हाईक लकडगंजचे भैयाजी, लाकडाचे बडे व्यापारी. काम जमलं तर सारी गल्ली तिची. फसलं तर पाटी उतरवून पुन्हा नोकरी.

भैयाजी अडून बसले. "बाहेरचंच पॅनल लाव वं. माह्या दुकानात बर्माचं सागवान बी बाहेरूनच येते."

"गच्ची लहान असती तं मीच बाहेरचं लावलं असतं. ते कमी जागेत बसते," दामिनी म्हणाली. "पण त्याले सरकारी सबसिडी नाही. आन् बिघडलं तं कोणाच्या मागं धावान? देशीले एखादं पॅनल जास्त लागंन, गच्ची तुमची मोठी हाये."

भैयाजी राजी झाले. पण बाईनं गच्ची मापली होती ऐन थंडीत! उन्हाळ्यात सामान घेऊन वर चढते तो काय, भैयाजींच्या बायकोच्या, गोपिकाकाकूंच्या खाटा आणि खाटांवर कुरडया. नागपूरची पोरगी, आणि हे विसरली. आता बोला.

"काहून वं, तुले माह्याच कुरडयांची जागा दिसली?" काकू कडाडल्या.

"तरी म्हणलं होतं, बाहेरचं लाव," भैयाजींनी मीठ चोळलं. "वापस ने सामान."

दामिनीला राग आला, स्वतःचाच. पण हात चोळत बसणाऱ्यातली ती नव्हे. जिन्याच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या उत्तरेच्या पट्ट्यात काकूंची एकही खाट नव्हती. टाकीची अडचण म्हणून तिनं तो पट्टा मोजलाच नव्हता. तिनं भैयाजी-काकूंना तो दाखवून राजी केलं, टाकीच्याही वर उंच लोखंडी सांगाडा उभारला आणि सगळी देशी पॅनलं त्यावर चढवली.

सोलर सुरू झालं, मीटर फिरलं. भैयाजी गल्ली गोळा करून मिशीला पीळ देत उभे. तेवढ्यात भरदुपारी काकूंनी नळ सोडला आणि हात धरूनच राहिल्या. एरवी मे महिन्यात टाकीचं पाणी चहाला चालावं असं उकळतं. पॅनलांच्या सावलीत ते चक्क कोमट होतं.

"अवं, पोळत नाही!" काकू म्हणाल्या, आणि दामिनीचा दंड धरून शेजारणींपुढे नेलं. "हिलेच काम द्या. माही पोरगी हाये ही."

दामिनीला रडू आलं, आणि ती खुशाल रडली. मग डोळे पुसून टेप उचलला आणि शेजारचा जिना चढू लागली.