चार बर्थची केबिन

आमच्या कॉलनीतल्या बायकांची सहा जणींची भिशी आहे. आई त्यातली एक. गेल्या वर्षी ती बेंबळीच्या शाळेतून निवृत्त झाली आणि पुढच्याच भिशीत तिनं लक्षद्वीपचा विषय काढला. कितीतरी वर्षं तिनं फळ्यावर प्रवाळ बेट काढलं होतं. मधे माडाची झाडं, भोवती खडकाचं कडं, आणि कड्याच्या आत निळ्या खडूनं घासलेलं उथळ, शांत पाणी. पोरं विचारायची, "बाई, तुमी बघितलंय का?" ती म्हणायची, "बघणार आहे."

बायकांना कल्पना आवडली. नियोजन माझ्याकडं आलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. मी फारशी बोलत नाही, त्यामुळं लोकांना मी अशा कामांसाठी सोयीची वाटते.

मी तीन प्लॅन केले. पहिला सगळ्यात स्वस्त. सोलापूरहून रेल्वेनं कोची, तिथून जहाज, जहाजात चार बर्थची केबिन आणि बेटावर दोघींत एक साधी खोली. दुसऱ्यात जहाजातली केबिन दोघींची. तिसऱ्यात हैदराबादहून विमान आणि अगदी पाण्यासमोरची कॉटेज. बेट एकच, पाणीही तेच.

बैठक एका कंत्राटदाराच्या बायकोच्या हॉलमध्ये झाली. भिशीत तिचाच शब्द चालतो. चिवडा खाल्लेली तिची बोटं माझ्या लॅपटॉपवर फिरत होती. स्क्रीनवर तेलाचे ठसे उठले, ते मी घरी येऊन दोनदा पुसले.

"पयलाच घ्या गं," कंत्राटदारीणबाई म्हणाल्या. "आपल्याला काय हनिमूनला जायचंय का? पत्ते खेळत जाऊ."

"तुमचे पत्ते म्हंजी नुसती चोरी," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या. सर्वांचं पहिल्यावर ठरलं. केबिनमध्ये चार, शेजारच्या केबिनमध्ये दोन. कोण कुठं झोपणार ते मला एकेकीला विचारून लिहायचं होतं. त्यावरही त्या हसल्या. आई सगळ्यात जास्त हसली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर आवाजी निरोप येऊ लागले. ग्रुपवर नाही, खाजगी.

पहिला कंत्राटदारीणबाईंचा. मागं मिक्सरचा आवाज. "बाळा, मला कुणी घोरलं की झोप येत न्हाय बघ. मी दुसऱ्या प्लॅनात जाते. माझ्याबरोबर मी जाऊबाईला घेते." जाऊबाई भिशीतलीच.

मग तिसरीचा. "माझे गुरुवार असतेत ना गं. सोवळ्याचं जरा अवघड होतंय. खाण्यापिण्याचं पण. मला बी दुसऱ्यातच टाक." काही चावत बोलत होती. ही बाई दर रविवारी सकाळी आमच्या गेटसमोरून मटणाची पिशवी घेऊन जाते. माझी आई अंडंसुद्धा खात नाही.

चौथीनं कारणच दिलं नाही. "मला हिच्यासोबत टाक," एवढंच म्हणाली. हिच्या म्हणजे त्या गुरुवारवालीच्या.

आई घोरत नाही. मी तिच्या शेजारी झोपते, मला माहीत आहे. तरी दोन दिवस मी यादीत नावं वरखाली करत राहिले, जणू हा बेरजेचा प्रश्न आहे. शेवटचा निरोप भिशीतल्याच, आमच्या शेजारच्या मावशीचा आला. अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी आमच्याकडं बसायला येते. आईची तिच्याइतकी जवळची दुसरी कुणी नाही.

"मला तिसऱ्यात टाक बाळा. ह्यांनी हो म्हटलंय. आणि मॅडमला एवढ्यात काय सांगू नकोस, त्यांना वाईट वाटंल."

मी तो निरोप तीनदा ऐकला. शेवटच्या वाक्यात ती आवाज खाली आणते. प्रेमळ आवाज आहे तो. त्याचीच किळस आली.

आम्ही बौद्ध आहोत. कॉलनीत आमचं एकच घर. तोंडावर कधी कुणी काही बोललं नाही. संक्रांतीला वाणं येतात, दिवाळीला फराळाची ताटं येतात. आमच्याकडून गेलेल्या ताटांचं काय होतं हे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. माझ्या इंग्लिश पुस्तकात हे सगळं भूतकाळात लिहिलेलं होतं आणि त्या धड्याच्या परीक्षेत मला पूर्ण मार्क होते.

मावशीचं एक वाक्य तेव्हा आठवलं. आई रोज विचारते, "चहा टाकू?" आणि मावशी रोज म्हणते, "आत्ताच झाला बघा मॅडम." मला वाटायचं, ही लवकर घेत असेल. पण तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर आहे. आमच्याकडून गेल्यावर तिथं आलं कुटल्याचा आवाज येतो. अकरा वर्षं तो मी ऐकते आहे.

किळस फक्त त्यांचीच आली असती तर बरं होतं, माझीही आली. वर चढायच्या पायऱ्या मी बांधून दिल्या होत्या. एकच प्लॅन केला असता तर त्यांना कारण शोधायला कष्ट पडले असते. मी त्यांना तीन किमती दिल्या, रंगीत रकान्यांत.

शेवटी यादी आईसमोर ठेवली. पहिल्या प्लॅनखाली एकटं तिचं नाव होतं. तिनं चष्मा लावला आणि एकेका नावावरून बोट फिरवलं.

"मावशी कितव्यात?"

"तिसऱ्यात."

"बरं," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

त्या संध्याकाळी मावशी आली, नेहमीच्या दाराजवळच्या खुर्चीत बसली. आईनं काही न विचारता चहा आणला. आलं घातलेला, आमच्या चांगल्या कपात. तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः समोर बसली.

"आवं, आत्ताच झाला ना मॅडम."

"असू दे की. दोनदा होतोय कधी कधी."

मावशी उन्हाबद्दल बोलली, सुनेबद्दल बोलली. कपाकडं बघायचं टाळत बोलली. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले होते, पण बघत होते कपाकडंच. चहावर साय धरली, मग सुरकुतली. आई मधेच एकदा म्हणाली, "घ्या की, निवतोय." मावशीनं हात पुढं केला. तो कपाच्या कानापर्यंत गेला आणि पदर सावरायला वळला.

"कुकर लावून आलेय मी," ती म्हणाली आणि उठली.

आईनं कप मोरीत ओतला. साय जाळीवर अडकली, ती तिनं बोटानं काढली. नंतर हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसली.

"ग्रुपवर लिही, माझं जमत नाही म्हणून. आणि दुसरी तारीख बघ. तू येशील का?"

"येईन."

"मला समुद्र बघायचाय. ह्यांची तोंडं कशाला बघू?"

मी जहाजाच्या तारखा उघडल्या. कुठलाही विचार न करता दोन बर्थच्या केबिनवर बोट गेलं. महाग होती, तरी मी दोघींची नावं भरायला लागले. केबिनमध्ये आम्ही दोघीच असलो की आडनाव विचारायला कुणी नको, आणि नंतर बर्थ बदलून मागायलाही कुणी नको.

आई खांद्यावरून बघत होती.

"ही का घेतीस?"

मी बोट उचललं. माझ्या बोटांची मला त्या क्षणी कंत्राटदारीणबाईंच्या बोटांपेक्षा जास्त शिसारी आली.

"चारची घे," ती म्हणाली. "बाकीच्या दोघी कोण येतील त्या येतील. त्यांना नको वाटलं तर त्या उठून जातील. आपण कशाला आधीच उठायचं?"

मी आधीच्या पानावर गेले आणि चारची केबिन निवडली. खालचे दोन बर्थ मिळाले. वरचे दोन अजून रिकामे दिसत होते.