गायकर सिस्टरांची वही

गायकर सिस्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी लगेच हो म्हणाले आणि पुढे दोन महिने एक ओळही लिहिली नाही. वॉर्डातून सुटून बदलापूरला, शिरगावातल्या घरी पोहोचेपर्यंत हातात पेन धरण्याचे त्राण उरत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, सिस्टरांविषयी लिहायचे तर आधी स्वतःची एक लाजिरवाणी चूक सांगावी लागते. आमची ओळखच त्या चुकीतून झाली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी उल्हासनगरच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाले. श्रीमती इंदुमती गायकर तेव्हा पुरुषांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. माझ्या चौथ्या दिवशी अंबरनाथचे एक निवृत्त कामगार हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ऑपरेशनला नेण्याआधी रुग्णाच्या अंगावरचे दागिने काढून ठेवायचे, एवढे मला शिकवले होते. अप्पांना गुंगीचे इंजेक्शन दिलेले होते. मी त्यांच्या गळ्यातली चांदीची छोटी डबी दोरा कापून काढली, पाकिटात घातली, वर ‘दागिना एक’ असे लिहिले आणि ऑफिसच्या कपाटात जमा केली. काम चोख झाले म्हणून मनात खूशही झाले.

दुपारी अप्पा शुद्धीवर आले आणि त्यांनी छाती चाचपली. अप्पा लिंगायत होते. त्या डबीत त्यांचे इष्टलिंग होते, लहानपणी दीक्षा घेतल्यापासून अंगावरून कधीही न उतरलेले. “माझा देव कुठंय?” एवढेच ते विचारत राहिले. पाणी द्यायची वेळ झाली, पण ते ओठ उघडेनात. डॉक्टर रागावले, मग त्यांनी समजावले. अप्पांच्या पत्नी दाराशी उभ्या राहून रडत होत्या. कपाटाची किल्ली घेऊन क्लार्क अंबरनाथला घरी गेलेला.

सिस्टर भर उन्हात रिक्षा करून अंबरनाथला गेल्या आणि किल्लीसकट क्लार्कलाच घेऊन आल्या. पाकीट त्यांनी स्वतः उघडले नाही. ते अप्पांच्या पत्नीच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, “तुमीच बांधा, आई. आमचा हात लागून एकदा चूक झाली, परत नको.” लिंग गळ्यात आले, अप्पांनी डोळे मिटून ते कपाळाला लावले आणि मग पाणी मागितले.

मी बोलणी खायच्या तयारीने त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी खणातून एक जाड वही काढून माझ्यापुढे सरकवली. “अगो, कोनाच्या गल्यात हात घालायच्या आदी तोंड उघडायचा. तुमच्यात काय करतात, येवढा इचारायचा. आता लिही. सोताच्या हातानं लिवलंस की इसरणार नाय.” त्या वहीत मी लिहिलेले ते पहिले पान.

ही वही म्हणजे सिस्टरांचे खरे काम, असे मी मानते. मरणाच्या दारातल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना काय हवे असते, ते त्यांनी विचारून विचारून नोंदवले होते. कोणाच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल, कोणाच्यात ते मुळीच नको, तिथे शांतपणे त्रिशरण. कोणाची खाट पश्चिमेकडे वळवायची, कोणासाठी फादरना फोन करायचा, कोणाला सूर्यास्तानंतर औषधाशिवाय काहीही द्यायचे नाही. शाळेत आम्ही धर्म पाठ केले होते ते बोटांवर मोजण्याइतके. रुग्णाला दाखल करतानाच्या कागदावर आजही तेवढेच रकाने आहेत. वॉर्डात मात्र ओळीने पाच खाटांवर ‘हिंदू’ लिहिलेले असते आणि पाचही ठिकाणी पाच तऱ्हा निघतात. एकाला जाळायचे, एकाला बसवून पुरायचे, एकाच्या घरी बारा दिवसांचे सगळे विधी, एकाच्या सत्संगात विधींनाच बंदी.

आमच्या भागातल्या एका सिंधी आजींच्या खाटेपाशी दोन मुलगे असेच भांडत होते. थोरल्याला ब्राह्मण बोलवायचा होता, धाकट्याच्या सत्संगात ते चालत नव्हते आणि सुनेचा हट्ट गुरुवाणीच्या पाठाचा. “सिस्टर, आप ही बताओ, हम लोगों में क्या होता है?” असे थोरल्याने शेवटी सिस्टरांनाच विचारले! सिस्टर त्याला बाजूला सारून आजींच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “दादी, आपको क्या चाहिए?” आजी छताकडे पाहत म्हणाल्या, “पहले ये पंखा बंद कर, ठंड लगती है.” पंखा बंद झाला. भांडणही बंद झाले, कारण तिघेही आजींच्या पायांवर चादर ओढायला धावले.

बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरचे एक ठाकर आजोबा होते. त्यांना ‘तुमच्यात काय करतात?’ असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आमच्यात दवाखान्यात कोन मरत नाय, बाय.” सिस्टरांनी डॉक्टरांशी हुज्जत घातली, कागदांवर सह्या घेतल्या आणि आजोबांना दिवसाउजेडी घरी पाठवले. कारखान्यातले एक जुने युनियन कार्यकर्ते होते, ते म्हणाले, “आमच्यात काही करत नाहीत. मेलो की संपलो.” सिस्टरांनी त्यांचेही पान केले. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात आहे : ‘काही करायचे नाही. कोणाला करू द्यायचे नाही. जवळ बसायचे.’ आणि त्या बसल्या. त्यांची पाळी संपून गेली तरी बसून होत्या.

गौरवलेखात सगळे गोडच लिहावे असा रिवाज आहे, पण सिस्टरांना ते आवडणार नाही. त्या तुसड्या होत्या. आमच्यापैकी कोणाचे वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नसत. चादर नीट घातली नाही तर सगळ्या वॉर्डादेखत झापत. मी बाळंतपणानंतर कामावर परतले तेव्हा “बारीक झालीस,” एवढेच म्हणाल्या. मात्र पुढचे सहा महिने माझ्या जड पाळ्या त्यांनी स्वतःच्या नावावर लावून घेतल्या होत्या, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून कळले.

सतरा वर्षांपूर्वी निवृत्त होताना त्यांनी वही माझ्याकडे दिली. पुढे मीही इन्चार्ज झाले. वही भरत गेली, मागची थोडीच पाने उरली. पण खरे सांगते, गेली काही वर्षे मी थकले आहे. माणसे बदलली की मी बदलले, कोण जाणे. ‘तुमच्यात’ म्हटले की समोरचा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग माझ्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचतो. मागच्या वर्षी एका रुग्णाच्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरून विचारले, “आमची जात काढताय काय, मॅडम? ट्रीटमेंट करायची का धर्म बघून?” त्याने माझी लेखी तक्रार केली. चौकशी झाली, मला समज मिळाली. त्या मुलावर मला राग धरता आला नाही. त्याला कुठे कुठे काय विचारले गेले असेल, ते मला ठाऊक नव्हते. मी वही कपाटात टाकली आणि विचारणे सोडून दिले. कागदावरच्या रकान्यात खूण करायची आणि पुढच्या खाटेकडे जायचे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही लिहून ठेवला. फक्त वही परत करायची राहिली होती. ज्यांची त्यांना देऊन मोकळे व्हावे, असे ठरवून गेल्या महिन्यात एका सकाळी मी अंबरनाथला सिस्टरांच्या घरी गेले.

गुडघ्यांमुळे सिस्टर आता फारशा उठत नाहीत. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली, सगळे सांगितले आणि बोलता बोलता मला रडू आले. मला वाटले होते, त्या धीर देतील.

“मीपन कंटाललेलेच होते गो,” त्या म्हणाल्या. “माया बिया काय नाय. मानूस गेल्यावर खाटेपाशी जी भांडनं व्हायची, त्यांना कंटालून इचाराया लागले. आदी इचारलं की मागची कटकट वाचते.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, “तो पोरगा बरोबर बोलला. ‘तुमच्यात’ म्हटलं की मानूस जमातीमागं लपतो. सिंधी म्हातारी आठवते? तिला काय इचारलं होतं मी?”

मला आठवले. दादी, आपको क्या चाहिए? इतकी वर्षे वही भरूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्या एका प्रश्नात आधीपासून होते. पंथ आणि संप्रदाय वहीत मावतात. प्रत्येक खाटेवरच्या माणसाला मात्र नव्याने विचारावे लागते. तिथे शॉर्टकट नाही आणि म्हणूनच या कामात इतका थकवा येतो. तो थकवा म्हणजे माझे काही चुकले असे नव्हे, हे ऐकायलाच बहुधा मी तिथे गेले होते.

मी डोळे पुसले आणि धीर करून म्हटले, “सिस्टर, मग तुम्हाला काय हवं?”

त्या हसल्या आणि वहीचे शेवटचे पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरले. वर त्यांच्याच अक्षरात ‘इंदुमती गायकर’ असे लिहिलेले होते आणि खाली सगळे कोरे. सतरा वर्षे वही माझ्याकडे होती, पण मी ते पान कधी उलटलेच नव्हते. “लय खाटांपाशी बसले. प्रत्येकाचं थोडं थोडं आवडलं. अजून ठरत नाय,” त्या म्हणाल्या. “आत्ता चाय कर. आलं जास्त टाक.”

चहा पिऊन निघताना त्यांनी वही माझ्या पिशवीत टाकली. मी ती काढली नाही. घरी येऊन अर्ज फाडला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात पहिल्या खाटेवरच्या आजोबांना विचारले, “बाबा, तुम्हाला काय हवं?” त्यांना मुलीशी फोनवर बोलायचे होते. लावून दिला.

सिस्टर, या ग्रंथात सगळे तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो आणि आल्याचा चहा तुम्हाला पचत राहो. बाकी माझे मागणे एवढेच की, ते पान कोरेच राहू द्या. ठरवायला हवी तेवढी वर्षे घ्या, घाई करू नका. वही माझ्याकडे आहे.