बाकावरची तालीम

डेपोत त्यांना सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. अठ्ठावीस वर्षं बस चालवली. लांबून हात करणारा माणूस त्यांना सगळ्यांच्या आधी दिसायचा. आणि गेल्या आठवड्यात थांब्यावरची बाई मागे टाकून ते सरळ पुढे निघाले! कंडक्टर ओरडला, कचकन ब्रेक लागला, बाई धापा टाकत चढली.

“खांब वाटला हो,” त्यांच्या तोंडून निसटलं.

“खांब हात करतो का?”

सगळी बस हसली. त्यांनी मात्र डोळे चोळले.

सोमवारी डोळ्यांची तपासणी होती. गेल्या खेपेला पुढच्या माणसाचं ऐकून त्यांनी तक्ता घडाघडा म्हटला होता. यंदा तक्ता बदललाय म्हणे. निवृत्तीला दोन वर्षं बाकी, धाकटीचं शिक्षण अर्ध्यावर. चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गाजरं खाऊन, थेंब घालून, ते रोज सकाळी बायकोला घेऊन बागेत यायचे. पानगळ सरत आलेली, झाडं उघडी. पक्षी मोजायला याहून सोपे दिवस कुठले? बाकावर बसून ते सांगायचे, ती पडताळायची.

“तळ्यात बदकं. पाच.”

“बरोबर.”

“कठड्यावर पारवा.”

“हो, पारवाच.”

चार दिवस एकही चूक नाही. आज पाचव्या दिवशी मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. समोर नुसता राखाडी डाग होता. त्यांनी बेधडक ठोकून दिलं, “वरच्या फांदीवर तीन मैना. मधली पंख साफ करतेय.”

“अगदी बरोबर.”

“अगं, मला फांदीच दिसत नाहीये.”

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“बदकं किती होती?”

“नव्हतीच. पाण्यावर पानं साचलीत.”

“आणि पारवा?”

“कुणीतरी टोपी विसरलंय.”

“चार दिवस फसवलंस मला?”

“अहो, घरी जाऊन दोन घास नीट जेवत होता तुम्ही. मी तरी काय करू?”

रागवावं, तर तेवढंही बळ अंगात उरलं नव्हतं. तासाभरात गाडी काढायची होती. शाळा भरायची वेळ, रस्ताभर पोरं. आणि पोरं काही खांबाएवढी उंच नसतात.

त्यांनी खिशातला फोन तिच्या हातात दिला. “साहेबांना लाव. आज गाडी नेत नाही म्हणावं.”

“फक्त आज?”

तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली, तसा त्यांनी हात पुढे केला. “आण. मीच सांगतो.”

फोन उचलला गेला. साहेब ‘बोला, बोला’ म्हणाले. “साहेब, मला समोरचं दिसत नाही,” त्यांनी सांगितलं.