पेढ्याबर्फीच्या वाट्या

मुलीच्या सायकलच्या चेनला तेल देताना त्या वासानं मला दौलताबादच्या घाटातली एक सकाळ आठवली. धुक्यावर किल्ला तरंगत होता आणि उतारावर मला माझं वजनच जाणवत नव्हतं. घरी बायकोचं डोहाळजेवण होतं, तरी केवळ पुन्हा उतरायला मिळावं म्हणून मी परत घाट चढलो. पुंडलिकनगरला घरी पोचलो तोवर पंगत उठली होती. "या जावईबापू! आता बारशालाच यायचं होतं की!" तिची मावशी म्हणाली. "सायकल पंक्चर झाली," मी खोटं बोललो. हिरव्या साडीतली बायको पेढ्याच्या आणि बर्फीच्या झाकलेल्या वाट्यांपुढं उपाशीच बसली होती. "मुलगा का मुलगी, ते दोघांनी मिळून बघायचं ना?" ती म्हणाली. आम्ही झाकण उचललं, बर्फी निघाली, मुलगीच झाली. आज ती घाटातून फार उशिरा परतली, तेव्हा तिची आई माझ्याकडं बघत म्हणाली, "पंक्चर झाली असेल."